मीटिंगमध्ये पेंग येते? आधी रूमची हवा बघा

जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये सगळे पेंगायला लागले की आपण भाताला नावं ठेवतो, पण हवेकडे कोणाचं लक्षच जात नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत आपल्याच अंगावर सोडतो, आणि गारवा जाऊ नये म्हणून आपण खिडक्या पण घट्ट लावून घेतो.

साधा हिशोब करू. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १० बाय १२ ची रूम, उंची १० फूट, म्हणजे ३४ घनमीटर हवा आणि आत ६ जण. बाहेर हा गॅस ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, अशा बंद रूममध्ये तो दहा-बारा मिनिटांतच १००० च्या वर जातो आणि तासाभरात ३००० पार. एवढ्याने कोणी गुदमरत नाही, पण दुसऱ्यांचा सोडलेला श्वास आपण किती घेतोय ते यावरून कळतं, आणि त्याच हवेत फ्लू-टीबीचे जंतू, नवीन फर्निचरची नि रंगाची रसायनं पण साठत असतात.

१००० पीपीएमची मर्यादा जर्मनीचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सुचवली होती. जपानने १९७० च्या कायद्यात मोठ्या बिल्डिंगांसाठी तीच घातली, वर दर दोन महिन्यांनी मोजायची सक्ती, आणि मला ही सक्तीच जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात माणशी १४.२ घनमीटर जागा होती, छत कितीही उंच असलं तरी ४.२ मीटरच्या वरची धरायची नाही. चांगलाच नियम, पण तो कारखान्यांचा, आपल्या वरच्या रूममध्ये माणशी ६ घनमीटर पण येत नाही.

करायचं काय, तर एका बाजूला एक्झॉस्ट आणि समोरून बाहेरची हवा यायला वाट, माणशी सेकंदाला ८-१० लिटर तरी. रस्त्याची धूळ असेल तर त्या वाटेवर फिल्टर लावा. नुसत्या एअर प्युरिफायरवर भागत नाही, तो धूळ पकडतो, कार्बन डायऑक्साइड नाही. आणि मीटर घेणार असाल तर एनडीआयआर सेन्सरवालाच घ्या, तो इन्फ्रारेड प्रकाशाने खरा गॅस मोजतो, बरेचसे स्वस्तातले मीटर दुसऱ्याच वाफांवरून अंदाजे आकडा दाखवतात, सॅनिटायझरची बाटली उघडली तरी वर चढतात.