दांडा काऊन लवते?

पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या दिवाळीला घरी आला तो गोल्फची काठी घेऊन. वरुडच्या आमच्या ओसरीवर ती हातोहाती फिरली. संत्र्याच्या लदलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू देणाऱ्या शेजाऱ्याने ती वाकवून पाहिली आणि म्हणाला, "हे त लवते ना भाऊ! कडक घ्याले पाह्यजे होती." गोल्फ खेळणाऱ्या कित्येकांचाही हाच समज असतो, की दांडा जितका कडक तितका चेंडू लांब. तो खरा नाही, आणि त्यामागचं कारण फार देखणं आहे.

कुऱ्हाडीच्या दांड्याच्या टोकाला सुतळी बांधून ती टांगून पाहा. दांडा ओळंब्यात राहत नाही, तिरपा होतो. पात्याचं वजन दांड्याच्या रेषेबाहेर असतं आणि गुरुत्वमध्य मात्र सुतळीच्या नेमका खालीच येऊन थांबतो.

लांब फटक्याची गोल्फकाठी म्हणजे ड्रायव्हर. त्याचं डोकं साधारण 200 ग्रॅमचं, आणि त्याचा गुरुत्वमध्यही दांड्याच्या रेषेच्या मागे असतो. फक्त इथली ओढ जमिनीकडे नसून वर्तुळाच्या बाहेर असते. डोक्याचा वेग ताशी 100 मैल धरला, तर तो सेकंदाला सुमारे 45 मीटर. त्रिज्या दीड मीटर धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, उत्तर 1350. गुरुत्वत्वरणाच्या जवळपास 138 पट! एवढंसं डोकं 27 किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढ घेतं. ही ओढ गुरुत्वमध्याला हातांच्या रेषेत आणू पाहते. म्हणून खाली येताना आधी मागे वाकलेला दांडा चेंडूपाशी पोचेपर्यंत पुढे वाकतो, डोक्याचं तोंड थोडं आभाळाकडे वळतं आणि चेंडू उंच उठतो.

दांडा चेंडूला चाबकासारखा फटकारतो, हेही खरं नाही. टक्कर जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची. तिचा हादरा मुठीत जाणवेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. दांड्याच्या लवण्याने वेगात फारशी भर पडत नाही, बदलतो तो मुख्यतः कोन.

आता निवड. दांड्यावर त्याच्या कडकपणाचं अक्षर असतं, एल सर्वात लवचीक आणि एक्स सर्वात कडक. ड्रायव्हरचा वेग ताशी 75 ते 85 मैल असेल तर ए, 85 ते 95 ला आर, 95 ते 105 ला एस, त्यापुढे एक्स आणि 75 च्या खाली एल. हलक्या हाताला कडक दांडा दिला तर तो पुरेसा लवत नाही, चेंडू खालून जातो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बहुधा उजवीकडे सरकतो. पण या अक्षरांना सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका कडक निघू शकतो. खरं माप कंपनसंख्येचं. मुठीकडचं टोक शिकंज्यात आवळून दांडा थरथरवतात. आर ड्रायव्हरची कंपनं मिनिटाला 250 च्या आसपास भरतात. दांड्यावरच्या चमकदार पट्ट्यांना आणि 'ऊर्जा देणाऱ्या' चुंबकी कड्यांना पैसे घालण्यापेक्षा हे माप करून घ्यावं. आपल्याकडे सांधेदुखीवर विकली जातात तीच ही कडी, आणि फटक्याचा वेग त्यांनी तसूभरही वाढत नाही.

पुतण्याचा वेग 88 भरला होता. त्याच्या दांड्यावर आर आहे.