मद्यपान करून वाहन चालवणे : श्वासचाचणी आणि रक्तचाचणी (भारत)

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खालील गुन्हा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालवणे किंवा चालवण्याचा प्रयत्न करणे, एवढीच त्याची व्याख्या. गाडी सरळ चालली होती, झोकांडी गेली नव्हती, हा बचाव इथे कामाला येत नाही. (अमली पदार्थांचे निराळे, तिथे वाहनावर ताबा राहणार नाही इतका अंमल सिद्ध करावा लागतो.) मूळ अधिनियमात मद्यार्क ‘कितीही अल्प’ असला तरी गुन्हा होता. ३० ची मर्यादा १९९४ च्या दुरुस्तीने आली. गुन्हा आकड्याचा असल्याने खटलाही आकड्याभोवतीच फिरतो : तो कोणी मोजला, कधी आणि कशाने.

हा आकडा पेगमध्ये सांगता येत नाही. ढोबळ हिशोब असा : ३० मिलिलिटर व्हिस्कीत (४२.८ टक्के) सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो आणि ६५ किलो वजनाच्या पुरुषात तो रक्तपातळी २३-२४ मिलिग्रॅमपर्यंत नेऊ शकतो. म्हणजे एका मोठ्या पेगमध्ये (६० मिलिलिटर) किंवा ६५० मिलिलिटर बिअरमध्ये मर्यादा ओलांडली जाते. त्याच वजनाच्या स्त्रीत शरीरातील पाणी कमी असल्याने पातळी अधिक चढते. उतरण्याचा वेग ताशी साधारण १० ते २० मिलिग्रॅम. लिंबूपाणी किंवा कॉफी तो वाढवत नाही.

नाकाबंदीत फुंकायला सांगण्याचा अधिकार कलम २०३ देते. सांगणारा गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकृत अधिकारी हवा आणि त्याला संशयाचे वाजवी कारण हवे. प्रत्यक्षात रांगेतल्या प्रत्येकाला नळी दिली जाते. कायद्याची भाषा मात्र संशयाचीच आहे. यंत्र केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे मान्य केलेल्या प्रकारचे असावे लागते.

ब्रेथ ॲनालायझरमधील फ्युएल सेलमध्ये श्वासातील मद्यार्काचे ऑक्सिडीकरण होऊन वीजप्रवाह निर्माण होतो. रक्त आणि श्वास यांचे प्रमाण २१०० : १ धरून त्याचा रक्तातील आकडा काढला जातो. हे प्रमाण सरासरीचे असते, माणसागणिक बदलते. म्हणून ३० च्या अगदी लगतच्या नोंदीवर वाद घालायला जागा असते, १२० च्या नोंदीवर नसते. वेलदोडा, पान, कांदा वास झाकतात, मद्यार्क नाही. उलट मद्यार्कयुक्त माउथवॉश, काही खोकल्याची औषधे आणि होमिओपॅथीचे थेंब तोंडात रेंगाळून आकडा खोटाच फुगवतात. पंधरा मिनिटे काही न घेता पुन्हा फुंकले की हा फुगवटा ओसरतो. तसे कारण असेल तर ते तिथेच सांगून दुसरी नोंद मागावी. नळी नवी आहे ना, फुंकण्यापूर्वी यंत्र शून्य दाखवते ना, छापील चिठ्ठीवरची वेळ बरोबर आहे ना, हे पाहूनच सही करावी.

फुंकायला नकार ही पळवाट नव्हे. मद्यार्काचा वाजवी संशय असेल तर नकार देणाऱ्याला विनावॉरंट अटक करता येते. खटल्यात सबळ कारण दाखवता आले नाही, तर कलम २०५ नुसार नकार फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानता येतो. मुद्दाम अर्धवट फुंकणे हेही ‘नमुना न देणे’ ठरू शकते.

अटकेनंतर पोलीस ठाण्यात पुन्हा फुंकण्याची संधी मिळालीच पाहिजे, असे कलम २०३(५) सांगते. कलम २०२ खाली अटक झालेल्याची दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते. ती झाली नाही तर कोठडीतून सोडावे लागते. पण सुटका म्हणजे गुन्हा पुसला जाणे नव्हे, आणि इथेच अनेकांची गल्लत होते. गुन्हा जामीनपात्र आहे.

श्वासचाचणीत मद्यार्क दिसला किंवा ती दिली नाही, तर कलम २०४ खाली रक्त मागता येते. स्त्रीचे रक्त पुरुष डॉक्टर घेत असल्यास दुसरी स्त्री हजर हवी. रुग्णालयात दाखल असलेल्या जखमीचे रक्त वा श्वास घेण्यापूर्वी त्याच्या डॉक्टरांना कळवावे लागते. उपचारांना बाधा येईल म्हणून ते हरकत घेऊ शकतात.

नमुना बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सुईची जागा स्पिरिटने पुसली की आकड्यावर शंका घेता येते. सोडियम फ्लोराइड नसलेल्या, उन्हात राहिलेल्या बाटलीत जंतू मद्यार्क तयार करू शकतात किंवा असलेला नष्ट करतात. सील, लेबलवरची वेळ, सही आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंतचा ताबा यांतली एक कडी तुटली तरी ‘सीए रिपोर्ट’ (न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल) लटका पडतो. मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर तर नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. अहवाल नसेल तर नुसते निरीक्षण पुरत नाही : तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर मद्यपान सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात म्हटले होते. पूर्वी कलम १८५ मध्ये फक्त ब्रेथ ॲनालायझरचा उल्लेख होता, त्यामुळे केवळ रक्ताच्या अहवालावर शिक्षा होऊ शकते का, असा युक्तिवाद होई. २०१९ च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेची चाचणी कलमातच आणून तो मिटवला.

त्याच दुरुस्तीने दंड वाढला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. रस्त्यावर पावती फाडून हे प्रकरण मिटत नाही, कारण ते तडजोडपात्र नाही. न्यायालयात जावेच लागते. दोषी ठरल्यास लायसन्स किमान सहा महिन्यांसाठी अपात्र होते. चालकाला गुन्ह्यात साथ देणाऱ्यावर कलम १८८ लागते.

विम्याचा हिशोब वेगळा. ‘मद्याच्या अमलाखाली’ हा पॉलिसीतला अपवाद ३० मिलिग्रॅमच्या मोजमापाशी बांधलेला नाही. श्वास किंवा रक्त तपासले गेले नसले तरी इतर पुराव्यांवरून विमा कंपनी अंमल सिद्ध करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने इफ्को टोकियो वि. पर्ल बेव्हरेजेस (२०२१) या निकालात स्पष्ट केले. त्यामुळे फौजदारी खटल्यातून सुटलेल्याचा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तरीही नाकारला जाऊ शकतो.