टर्बो की सुपरचार्जर? जुन्या स्पोर्ट्स कारला काय शोभतं

जुनी स्पोर्ट्स कार थोडे दिवस चालवली की वाटायला लागतं अजून जरा दम हवा होता, मग एक जण सांगतो टर्बो लाव, दुसरा सांगतो सुपरचार्जर लाव, आणि बरेच जण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. काम एकच आहे हे खरं. दोन्ही इंजिनात हवा कोंबतात, हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं. पण हवा कोंबणाऱ्या भागाला, म्हणजे कॉम्प्रेसरला, फिरवतं कोण हे बघा. सुपरचार्जर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवरून बहुतेक वेळा बेल्टने फिरतो, आणि टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या गरम गॅसवर.

खरा घोळ सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरमुळे होतो. दिसायला गोगलगायीच्या शंखासारखा, म्हणजे अगदी टर्बोच, फक्त बेल्टवर चालतो. त्याचा दाब आरपीएम वाढेल तसा वाढतो त्यामुळे कमी आरपीएमला फार काही जाणवत नाही. रूट्स टाइप या दुसऱ्या प्रकारच्या सुपरचार्जरचं तसं नाही, त्यात दोन रोटर दर फेऱ्याला ठरलेली हवा पुढे ढकलतात, पाय दिला की लगेच ओढ मिळते.

टर्बोचं दुखणं समजून घ्यायचं तर १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो बघा. इंजिन तेच १९९० सीसीचं, २००२ टीआयआय मध्ये १३० हॉर्सपॉवर द्यायचं, टर्बो लावून १७० झाली. पण नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी भडकून इंजिन ठोकणं) होऊ नये म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते, ९.५ वरून ६.९ वर आणावं लागलं, त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत इंजिन मूळच्यापेक्षाही मंद, आणि साधारण ४००० आरपीएमच्या आसपास एकदम धक्का. वळणाच्या मधोमध तो धक्का आला तर मागची चाकं सांभाळणं सोपं नाही. आजचे छोटे टर्बो खूप लवकर फिरायला लागतात हेही सांगायला हवं, पण ते फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सोबत असताना.

आणि जुन्या गाडीत तर कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब असतो! इथे बहुतेक लोक फसतात. कार्ब टर्बोच्या आधी ठेवला तर पेट्रोल मिसळलेली हवाच टर्बोतून जाते, मग इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) लावता येत नाही कारण पेट्रोल त्यात थंड होऊन साचतं, शिवाय थ्रॉटल बंद केला की टर्बोच्या सीलमधून ऑइल ओढलं जायची भीती, त्यासाठी वेगळं कार्बन सील लागतं. कार्ब टर्बोच्या नंतर ठेवला तर फ्लोट चेंबरला (कार्बमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीला) पण टर्बोचाच दाब द्यावा लागतो आणि पेट्रोलचा दाब त्याच्याही वर ठेवावा लागतो, नाहीतर ऐन जोरात इंजिन उपाशी राहतं. रूट्स सुपरचार्जरच्या आधी एक एसयू कार्ब (जुन्या ब्रिटिश गाड्यांमधला कार्ब) बसवणं ही मात्र जुनी, नीट जमलेली पद्धत आहे.

उष्णता हा दुसरा मुद्दा. टर्बोचं टर्बाइन हाउसिंग जोरात चालवल्यावर लालभडक होतं, आणि अरुंद बॉनेटखाली शेजारीच पेट्रोलची लाइन, वायरिंग, ब्रेकचा मास्टर सिलिंडर. सुपरचार्जर फुकट चालतो असं नाही हां, फिरायला तो इंजिनचीच ताकद खातो, त्यामुळे हॉर्सपॉवरचा मोठा आकडा पाहिजे असेल तर टर्बोच पुढे.

मला विचाराल तर एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या १७९८ सीसीच्या गाडीला छोटा रूट्स सुपरचार्जर आणि ०.४ बारच्या आसपास दाब. हिशेबाने ४० टक्के जास्त हवा, दाबलेली हवा तापते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी, पण ताकद खालपासून सरळ वाढत जाते आणि गाडीचा स्वभाव तोच राहतो. यापैकी काहीही लावायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब नीट धरतात का ते बघणं) करा, रेडिएटर, क्लच आणि ब्रेक तपासा, आणि डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बूस्टच्या, म्हणजे कोंबलेल्या हवेच्या दाबाच्या हिशेबाने मागे घ्या, दमलेल्या इंजिनात हवा कोंबली तर पिस्टन जातात.

काढलेले कार्ब आणि मॅनिफोल्ड (कार्ब इंजिनला जोडणारे पाइप) ऑइल लावून, नीट गुंडाळून जपून ठेवा, सुपरचार्जर उतरवून गाडी परत मूळ रूपात आणायची झाली तर तेच लागणार आहेत.