पार्श्वभूमी : आवाजाच्या पट्टीवरचे १०० टक्के

लिनक्सवर आवाज कमी-जास्त करण्याचे अ‍ॅप कुणी नव्याने लिहायला किंवा जुने दुरुस्त करायला घेतले, की एक गोष्ट आधी ठरवावी लागते. पट्टीवरचा १०० हा आकडा नेमका कशाचा? या प्रश्नाचा गुंता २००९ पासूनचा आहे.

त्याआधीचे मिक्सर, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या दाखवणारे प्रोग्राम, साउंड कार्डात जे असेल ते सगळे समोर मांडत. मास्टर, पीसीएम, फ्रंट, सराउंड, माइक बूस्ट. आवाज येईना झाला, की यांतली कोणती पट्टी म्यूट आहे ते शोधत बसायचे. २००७ मध्ये फेडोरा ८ आणि २००८ मध्ये उबुंटू ८.०४ या लिनक्सच्या आवृत्त्यांनी पल्सऑडिओ ही आवाज हाताळणारी प्रणाली डीफॉल्ट केली आणि प्रत्येक अ‍ॅपची स्वतंत्र पट्टी रुळली. विंडोज व्हिस्टातही तशी सोय त्याच सुमारास आली होती. पुढे २००९ च्या फेडोरा ११ मध्ये नवे, एका पट्टीचे व्हॉल्यूम कंट्रोल आले. त्यावर इतकी ओरड झाली की जुना मिक्सर वेगळे पॅकेज म्हणून परत द्यावा लागला.

खरा वाद पेटला तो 'फ्लॅट व्हॉल्यूम'वरून. साध्या पद्धतीत अ‍ॅपची पट्टी आणि स्पीकरची पट्टी यांचा गुणाकार होतो. फ्लॅट पद्धतीत अ‍ॅपची पट्टी थेट अंतिम पातळी सांगते आणि चालू अ‍ॅपांपैकी ज्याची पातळी सर्वांत जास्त, तीच स्पीकरची पातळी ठरते. कल्पना वाईट नव्हती. वापरणाऱ्याला दोन पट्ट्यांचा हिशेब करावा लागत नाही आणि आवाज शक्यतो हार्डवेअरमध्येच कमी होतो.

पण अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या लेखी १०० म्हणजे 'माझा आवाज कमी करू नका' एवढेच होते. पल्सऑडिओने त्याचा अर्थ 'स्पीकर पूर्ण उघडा' असा घेतला. हेडफोन लावून कुणी ३० वर गाणे ऐकत आहे आणि व्हिडिओ सुरू होताच प्लेअरने सवयीने स्वतःला १०० वर नेले, तर तो व्हिडिओ थेट कानात फुटायचा. याला अनेक वर्षे 'अ‍ॅपची चूक' म्हटले गेले. एका शब्दाचे दोन अर्थ होत असतील आणि इजा कानाला होणार असेल, तर डीफॉल्ट सौम्य अर्थाचेच हवे होते. उबुंटूने `फ्लॅट-व्हॉल्यूम्स = नो` अशी सेटिंग आधीच घालून दिली. पल्सऑडिओच्या मूळ प्रकल्पाचे डीफॉल्ट मात्र 'येस'च राहिले.

टक्केवारीही सरळ नाही. कानाला पट्टी समान वाटावी म्हणून आकड्याचा घन घेतला जातो. त्यामुळे ५० टक्क्यांवर तरंगाची उंची आठवा हिस्सा, म्हणजे सुमारे १८ डेसिबल कमी असते. पावूकंट्रोल या पल्सऑडिओच्या मिक्सरची पट्टी १०० च्या पुढे १५३ पर्यंत जाते, तीही याच हिशेबाने: +११ डेसिबल. एका अ‍ॅपने घन घेतला आणि दुसऱ्याने सरळ आकडा दाखवला, तर एकाच आवाजाचे दोन आकडे दिसतात. 'पट्टी चुकीची दाखवते' अशी तक्रार आली, की आधी हेच तपासावे.

२०२१ मध्ये फेडोरा ३४ ने पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर ही नवी प्रणाली डीफॉल्ट केली. पल्सऑडिओशी बोलणारी जुनी अ‍ॅप त्यावरही चालतात, घनाचा हिशेबही तोच आहे. फ्लॅट व्हॉल्यूम मात्र त्यात घेतलेले नाही.