फेनिटॉईनची गोळी आणि ‘चक्कर’ या शब्दाचा घोळ

सीमाभागातल्या मराठी घरांत फेफऱ्याचे नाव सहसा मोठ्याने घेतले जात नाही. खानापूरच्या खेड्यातून आलेली आई डॉक्टरांसमोर ‘ह्याला चक्कर येते’ एवढेच सांगते. आकडी, मिरगी हे शब्द लग्नाच्या बोलणीत आडवे येतील ही भीती त्यामागे असते. ती भीती निराधारही नव्हती, कारण हिंदू विवाह कायद्यात लग्नाला बाधा म्हणून असलेला अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा, उल्लेख 1999 च्या दुरुस्तीनेच निघाला. मात्र ‘चक्कर’ या आडपडद्याच्या शब्दाने फेनिटॉईन या फेफऱ्यावरच्या जुन्या औषधाच्या बाबतीत जो घोळ होतो, तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

1857 मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा उपयोग सांगितला, आणि 1912 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांना फिनोबार्बिटोनने फिट कमी होतात असे आढळले. दोन्ही औषधे मुळात गुंगीची होती, त्यामुळे झोप आणल्याशिवाय फिट थांबत नाही, असाच समज रूढ झाला. फेनिटॉईन हाइनरिश बिल्ट्झ यांनी 1908 मध्येच तयार केले होते. पण त्याने झोप येत नाही म्हणून ते निरुपयोगी ठरून पडून राहिले. पुढे बॉस्टनमध्ये ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना विजेचा सौम्य धक्का देऊन कोणत्या रसायनाने आकडी रोखली जाते हे एकामागून एक तपासले, आणि 1938 मध्ये रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. जो गुण दोष मानला गेला होता, त्याच्याच जोरावर हे औषध वर आले, ही गोष्ट मला औषधशास्त्राच्या इतिहासात फार बोलकी वाटते.

फेनिटॉईन मेंदूतील पेशींच्या सोडियमच्या वाटा अडवते. नेहमीच्या कामाला फारसा धक्का न लावता वेगाने पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या पेशींना ते आवरते. खरी अडचण यकृतात आहे. ते पचवणारी विकरे (एन्झाइम) नेहमीच्या मात्रेतच जवळजवळ पूर्ण क्षमतेने राबत असतात, म्हणून मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातील पातळी त्या प्रमाणात न वाढता एकदम उसळी घेते. रोज 300 मिलिग्रॅम घेणाऱ्याला 400 दिले की पातळी दुपटीच्याही पुढे जाऊ शकते. रक्तात 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही उपयुक्त मर्यादा मानतात. साधारण 20 च्या वर डोळ्यांची बुबुळे थरथरू लागतात, 30 च्या वर चाल अडखळते आणि 40 च्या वर सुस्ती येते; पातळी फारच चढली तर फिटही येऊ शकते. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅप्सूलमधील भरणाचा पदार्थ कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज केला गेला, औषध अधिक शोषले जाऊ लागले आणि तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये रुग्णांना विषबाधेची लक्षणे दिसू लागली. म्हणून गोळीची कंपनी बदलतानाही डॉक्टरांना विचारावे लागते.

इतर त्रास सांगायचे तर हिरड्या फुगून दातांवर चढतात, अंगावर लव वाढते, हाडे ठिसूळ होतात. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो आणि गर्भालाही धोका असतो, त्यामुळे तरुण मुलींना हे औषध शक्यतो टाळतात. आज लेव्हेटिरासिटाम बऱ्याच ठिकाणी त्याची जागा घेत असले, तरी स्वस्त आणि जुन्या ओळखीची म्हणून फेनिटॉईनची डबी निपाणी-चिकोडीकडच्या कित्येक घरांत देवाच्या फळीवर असतेच.

आता तो घोळ. रुग्ण दोन महिन्यांनी येतो आणि ‘चक्कर अजून येतेच’ म्हणतो. ही फिट असेल तर मात्रा कमी पडते आहे. पण चालताना झोक जाणे, भिंत धरावी लागणे हा अर्थ असेल तर ती आधीच जास्त झालेली आहे, आणि अशा वेळी घरच्यांनी आपल्या मनाने अर्धी गोळी वाढवली तर त्रास आणखी वाढतो. रक्ताची तपासणी प्रत्येक तालुक्याला होत नाही; ती होईपर्यंत जाणता डॉक्टर ‘पडताना शुद्ध होती का, जीभ चावली का’ हे कन्नड-मराठीच्या मिश्रणात विचारून घेतो, रुग्णाला एका रेषेत चालवतो, आणि आपले बोट त्याच्या डोळ्यांसमोरून कडेला नेऊन बुबुळ तिथे स्थिर राहते की थरथरते, ते पाहतो.