मायलेकी सुट्या होत नाहीत तेव्हा

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात एक संदेश फिरत होता. पावात यीस्ट असते, यीस्ट म्हणजे बुरशी, ती पोटात जाऊन वाढत राहते आणि पुढे रक्तात उतरून जीव घेते, तेव्हा बेकरीतील पाव कायमचा बंद करावा, असा त्याचा आशय होता. तो वाचून शेजारच्या आजींनी नातवंडांचा सकाळचा चहा-पाव खरोखरच बंद केला. पावातील यीस्ट 'सॅकरोमायसिस सेरेव्हिसी' या जातीची असते आणि भट्टीत पावाचा गाभा इतका तापतो की भाजून निघालेल्या पावात ती जिवंत उरत नाही. माणसाला आजारी पाडणारी प्रमुख यीस्ट 'कँडिडा अल्बिकन्स' ही आहे. ती बेकरीतून येत नाही. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात ती आधीपासूनच निमूट राहत असते. प्रतिजैविकांमुळे आतड्यातील जिवाणू घटले, मधुमेह आवाक्याबाहेर गेला किंवा कर्करोगाच्या उपचारांत पांढऱ्या पेशी कमी झाल्या की ती डोके वर काढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सर्वाधिक धोकादायक बुरशींची यादी प्रसिद्ध केली, तीत सर्वात वरच्या गटात तिचे नाव आहे.

तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसतो तो बहुधा याच बुरशीचा असतो. आपल्या भागात अजूनही त्यावर दृष्ट काढली जाते आणि मधात टाकणखार कालवून बाळाच्या जिभेला चोळला जातो. टाकणखार बाळाला विषारी ठरू शकतो आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध देणे धोक्याचे असते, हे येथे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

तरीही त्या संदेशामागे एक रास्त प्रश्न दडलेला आहे. दोन्ही यीस्टच, दोघींची बरीचशी जनुके सारखी, मग एक पाव फुगवते आणि दुसरी माणसाच्या अवयवांत शिरते, हे कसे? याच्या उत्तराचा मोठा भाग पेशी विभागते कशी आणि विभागल्यावर सुटी होते की नाही, यात आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेत मी दरवर्षी आठवीच्या मुलांना बेकरीतील चिमूटभर यीस्ट कोमट साखरपाण्यात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते. गोल पेशीच्या एका कडेला लहानसा फुगवटा दिसतो. "बाई, बटाट्याला फुटतो तसा कोंब आलाय की हो हिला!" असे एक मुलगा म्हणाला होता, आणि मुकुलनाचे याहून चांगले वर्णन मला पाठ्यपुस्तकातही आढळलेले नाही. हा कोंब म्हणजे लेकीची पेशी. तो किती मोठा झाला यावरून आईच्या पेशीतील विभाजन कोणत्या टप्प्यावर आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताक्षणी ओळखता येते. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ लेलंड हार्टवेल यांनी १९७०च्या सुमारास सिएटल येथे नेमका याच सोयीचा उपयोग केला. त्यांनी अशी उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेली, यीस्ट शोधली की जी थंड वातावरणात नीट वाढे, परंतु तापमान ३६ अंशांवर नेताच सगळ्या पेशी एकाच आकाराच्या कोंबावर अडकून पडत. जे जनुक बिघडले असेल त्याचे काम ज्या टप्प्यावर लागते त्याच टप्प्यावर पेशी थांबत असे. अशा जनुकांना 'सीडीसी' (सेल डिव्हिजन सायकल, म्हणजे पेशीविभाजनाचे चक्र) हे नाव मिळाले आणि हार्टवेल यांना २००१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांपैकी 'सीडीसी२८' हे जनुक विभाजनाचा आरंभ ठरवणारे प्रथिन बनवते. हे प्रथिन एकटे निष्क्रिय असते. सायक्लिन नावाचे जोडीदार प्रथिन भेटले की ते इतर प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून त्यांना कामाला लावते किंवा थांबवते. कोणता सायक्लिन भेटतो यावर पुढचे सारे अवलंबून असते.

आता मला सर्वात विलक्षण वाटणारा भाग. गुणसूत्रांची प्रत तयार होऊन आई आणि लेक यांच्यात त्यांची वाटणी झाली म्हणजे विभाजन संपले, असे आपण शाळेत शिकतो. यीस्टमध्ये यानंतरही एक काम उरते. दोघींना जोडणाऱ्या अरुंद मानेत प्रथम कायटिनचा पातळ पडदा बसतो. खेकड्याच्या कवचात असते तेच हे द्रव्य. मग त्या पडद्याच्या दोन्ही अंगांना एकेक जाड भिंत चढते. या वेळी दोघींच्या पेशीद्रव्यांत काही संबंध उरलेला नसतो, तरी त्या एकमेकींना चिकटलेल्याच असतात. मधला पडदा आणि त्यालगतचा थर विरघळवणारी विकरे (एन्झाइम) सुटली तरच त्या वेगळ्या होतात, आणि ही विकरे बनवण्याचा हुकूम लेकीच्या केंद्रकातून निघतो. 'एसीई२' हे प्रथिन लेकीच्याच केंद्रकात साठते आणि तेथे विकरांची जनुके चालू करते, म्हणजे गाठ सोडवण्याची जबाबदारी लेकीवर असते. सुटी झाल्यावर आईच्या अंगावर कायटिनचे वर्तुळाकार वण राहतात. कापडाला शुभ्रता देण्यासाठी वापरला जाणारा कॅल्कोफ्लुओर हा पदार्थ कायटिनला चिकटून अतिनील प्रकाशात निळसर चमकतो; त्याने रंगवलेल्या पेशीवरचे वण मोजले की त्या आईने किती लेकींना जन्म दिला ते कळते.

कँडिडा अल्बिकन्स ही गाठ सोडवायची की नाही हे परिस्थिती पाहून ठरवते. साध्या परिस्थितीत ती गोल यीस्ट म्हणून वाढते आणि लेकी सुट्या होतात. रक्तद्रव आणि ३७ अंश तापमान मिळाले की दोन-तीन तासांत तिच्यातून लांब नळी बाहेर पडते; रुग्णालयातील प्रयोगशाळा हीच खूण पाहून तिला ओळखतात. नळीत विभाजन चालू राहते, आडवे पडदेही बसतात, पण ते विरघळत नाहीत, त्यामुळे पेशी एकामागे एक जोडलेल्या राहून तंतू बनतो. तंतू ऊतींमध्ये घुसू शकतो आणि पांढऱ्या पेशीने गिळले तर तिलाही आतून भोसकून बाहेर पडतो. सिंगापूरमधील संशोधकांनी २००४ साली यामागचा एक दुवा शोधला. तंतू बनताना 'एचजीसी१' हे सायक्लिनसदृश प्रथिन तयार होते आणि ते सीडीसी२८शी जोडी जमवते. ही जोडी 'ईएफजी१' नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवते आणि ते प्रथिन एसीई२च्या हुकमाखालील जनुकांवर बसून त्यांना बंद ठेवते. एचजीसी१ जनुकाच्या दोन्ही प्रती काढून टाकलेली बुरशी नीट वाढते, विभागते, पण तंतू बनवू शकत नाही, आणि उंदरांमध्ये तिची घातकता फार कमी झाल्याचे दिसले. दोन्ही प्रती काढाव्या लागतात, कारण या बुरशीत आठ गुणसूत्रांच्या जोड्या असतात आणि एक प्रत बिघडली तरी बहुधा दुसरी काम निभावते.

परंतु विभाजनाला लागणारे जनुक बिघडले की बुरशी दुबळी होते, असा सरसकट नियम काढता येत नाही. कँडिडा अल्बिकन्समधून एसीई२ काढले की ती सौम्य होते. नावावरून तिची नातलग वाटणारी, पण प्रत्यक्षात पावातील यीस्टला अधिक जवळची असलेली 'कँडिडा ग्लाब्राटा' ही जात तंतू बनवत नाही. तिच्यातून तेच जनुक काढल्यावर पेशींचे न सुटणारे झुपके तयार झाले आणि पांढऱ्या पेशी कमी केलेले उंदीर नेहमीच्या बुरशीपेक्षा लवकर मेले. उंदरांच्या शरीरात दाह वाढवणारी यंत्रणा अतिरेकाने भडकलेली आढळली. जनुक तेच, तुटणारे कामही तेच, पण परिणाम उलटे. म्हणूनच 'घातक जनुक सापडले, आता बुरशीचा नायनाट' अशा थाटाच्या बातम्या मला पटत नाहीत.

यापुढची गोष्ट औषधाची आहे. फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉल या द्रव्याची निर्मिती रोखते. अथणीकडच्या द्राक्षबागांत भुरीवर फवारले जाणारे हेक्झाकोनॅझोल त्याच ठिकाणी घाव घालते. फ्लुकोनॅझोलच्या संपर्कात कँडिडा लगेच मरत नाही, तिची वाढ मंदावते आणि विभाजन बिघडू लागते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने टिपले गेले. लेक वाढते, तिच्यात केंद्रक जाते, पण ती सुटत नाही. ती आईला चिकटलेली असतानाच विभाजनाची पुढची फेरी सुरू होते आणि दोघींमधून मिळून एकच नात बाहेर पडते. तीन खोल्यांच्या या जोडपेशीला संशोधकांनी 'ट्रायमेरा' म्हटले. दोन केंद्रकांची गुणसूत्रे आता तीन घरांत वाटायची असतात. वाटणी चुकते आणि एखाद्या पेशीत नेहमीच्या १६ऐवजी ३२ गुणसूत्रे गोळा होतात. गुणसूत्रांना खेचणारे दोरखंडही अशा पेशीत दुप्पट होतात, त्यामुळे पुढच्या विभाजनात ओढाताण होऊन कोणाला एखादे गुणसूत्र जास्त मिळते तर कोणाला कमी.

अशा बहुतेक पेशी दुबळ्या असतात. एखादीला मात्र नेमके उपयोगी पडेल ते जादा मिळते. पाचव्या गुणसूत्राच्या डाव्या भुजेवर औषधाच्या लक्ष्यस्थानी असलेले विकर बनवणारे 'ईआरजी११' आणि औषध बाहेर फेकणारे पंप वाढवणारे 'टीएसी१' ही दोन्ही जनुके आहेत. या डाव्या भुजेच्याच दोन प्रती पाठीला पाठ लावून जोडलेले एक जादा गुणसूत्र फ्लुकोनॅझोलला दाद न देणाऱ्या कँडिडाच्या अनेक नमुन्यांत सापडले, ही नोंद २००६ सालची आहे. ज्या पेशींतून ते जादा गुणसूत्र पुढे गळून पडले, त्यांचा औषधाला होणारा प्रतिकारही त्याच्याबरोबर गेला.