हद्दीबाहेरची तक्रार आणि पोलीस ठाणे

गुन्हा ज्या हद्दीत घडला तेथीलच पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी लागते, हा समज चुकीचा आहे, आणि तो टिकून राहण्यास ‘ही आमची हद्द नाही’ हे ठाणे अंमलदाराचे ठरावीक उत्तरही तितकेच कारणीभूत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर, तो कोठेही घडलेला असला तरी, कोणत्याही ठाण्यात देता येते. नाशिकमध्ये एखाद्या महिलेची सोनसाखळी हिसकावली गेली आणि ती पुण्यात परतल्यावर ठाण्यात गेली, तर तेथे शून्य क्रमांकाने, म्हणजे ठाण्याचा नेहमीचा अनुक्रमांक न देता, गुन्हा नोंदवून कागदपत्रे नाशिकच्या संबंधित ठाण्याकडे वर्ग करावी लागतात. खबर तोंडी दिल्यास ती पोलिसांनी लिहून घ्यावयाची, वाचून दाखवावयाची व त्यावर सही घ्यावयाची असते. ई-मेलने पाठविल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळते. ती मागण्यात संकोच कसला? नोंद नाकारल्यास खबरीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात उपायुक्तांकडे, पाठवावा आणि तरीही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अदखलपात्र गुन्ह्यात मात्र केवळ नोंद होते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही.